सवत, संशय आणि शाप

जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने खोपोलीकडे येताना महडला जाणारा फाटा लागतो. रायगड जिल्ह्यात याच्याशी नावाने गल्लत होईल असे दुसरे गाव आहे, चवदार तळ्याचे महाड. हे महड खालापूर तालुक्यातले, अष्टविनायकांपैकी वरदविनायकाचे. येथील देऊळ १७२५ मध्ये सुभेदार रामजी महादेव बिवलकर यांनी बांधले असे सांगतात. नवस, प्रसाद, चतुर्थीची रांग हे सगळे इथे इतर क्षेत्रांसारखेच आहे. पण या क्षेत्राच्या मुळाशी जी कथा आहे ती नाकारल्या गेलेल्या प्रेमाची आहे. ती मला अष्टविनायकांच्या सर्व कथांमध्ये सर्वांत अस्वस्थ करणारी वाटते. प्रेमातला मत्सर आपल्या परंपरेने कसा पाहिला, कोणाच्या नावावर लावला आणि त्याची किंमत कोणाकडून वसूल केली, हे तपासायचे तर सुरुवात इथून करावी.

गणेशपुराणाच्या उपासनाखंडात ही कथा विस्ताराने येते. विदर्भातल्या कौंडिण्यपूरच्या भीम राजाचा मुलगा रुक्मांगद शिकारीच्या निमित्ताने रानात गेला आणि पाण्याच्या शोधात वाचक्नवी ऋषींच्या आश्रमात पोचला. ऋषी आश्रमात नव्हते. त्यांची पत्नी मुकुंदा त्याच्यावर मोहित झाली आणि तिने तसे उघड सांगितले. रुक्मांगदाने नकार दिला. तेव्हा तिने त्याला कुष्ठी होण्याचा शाप दिला. पुढे तिची विरहावस्था पाहून इंद्र रुक्मांगदाचे रूप घेऊन आला. त्या संबंधातून गृत्समद जन्मला. तो मोठा विद्वान झाला, पण एका सभेत त्याच्या जन्मावरून त्याचा अपमान झाला. तू ऋषीचा मुलगाच नव्हेस, असे त्याला सुनावण्यात आले. घरी येऊन त्याने आईला खरे काय ते विचारले आणि खरे कळल्यावर काटेरी बोरीचे झाड होण्याचा शाप तिला दिला. आईनेही उलटा शाप दिला की तुझ्या पोटी राक्षस जन्मेल. तो त्रिपुरासुर. मग गृत्समदाने तप केले, गणेश प्रसन्न झाला आणि जिथे तो प्रसन्न झाला ते भद्रक क्षेत्र म्हणजेच आपले महड, असे परंपरा मानते.

कथेचा हिशेब मांडून पाहू. रुक्मांगदाचा काही अपराध नाही, तरी कुष्ठ त्याला. गृत्समदाचा काही अपराध नाही, तरी अपमान त्याचा. मुकुंदेने इच्छा उघड बोलून दाखवली आणि नकार मिळाल्यावर सूड घेतला, ती काटेरी झाड झाली. खोटे रूप घेऊन आलेल्या इंद्राला मात्र या प्रकरणात काहीच होत नाही. वेशांतराचा हा धागा आपल्याला परका नाही. अहल्येच्या कथेत इंद्र गौतमाच्या रूपात येतो. दिवाळीनंतर आपण ज्या तुळशीचे लग्न लावतो तिच्या कथेत विष्णू जालंदराच्या रूपात वृंदेकडे जातो. तिथे निदान अहल्येच्या नवऱ्याने इंद्राला आणि वृंदेने विष्णूला शाप दिला. महडच्या कथेत तेवढेही नाही.

आणखी एक व्यक्ती या कथेत दिसायला हवी होती, पण दिसत नाही. ती इंद्राणी. तिला आणायचे तर वेदांकडे जावे लागते. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले १४५ वे सूक्त सवतीला दूर सारण्यासाठी म्हणायचे आहे. एक वनस्पती उपटून, तिच्या बळावर नवऱ्याचे मन आपल्याकडे वळवावे आणि दुसरीचे नाव पुसून टाकावे, अशी त्यातली मागणी आहे. परंपरेने या सूक्ताची द्रष्टी म्हणून इंद्राणीचे नाव दिले आहे. गृत्समदही ऋग्वेदातलाच, दुसऱ्या मंडलाचा ऋषी. गणपती हा शब्द असलेली सुप्रसिद्ध ऋचा त्याच मंडलातल्या तेविसाव्या सूक्तात आहे. म्हणजे एकाच ग्रंथाच्या एका टोकाला मुकुंदेचा मुलगा आहे आणि दुसऱ्या टोकाला, नवरा दुसरीकडे जाऊ नये म्हणून मुळी उपटणारी इंद्राणी. मत्सराचे मंत्र म्हणण्याचे काम तिच्याकडे आले आणि ज्याच्यामुळे ते म्हणावे लागले तो देवांचा राजाच राहिला.

शब्द काय सांगतो

‘सवत’ हा शब्द संस्कृत ‘सपत्नी’वरून प्राकृतातल्या ‘सवत्ती’मार्गे आला. समान पती असलेली ती सपत्नी. संस्कृतात ‘सपत्न’ असा पुल्लिंगी शब्दही आहे, पण त्याचा अर्थ शत्रू, वैरी. भाषाभ्यासक सांगतात की हा पुल्लिंगी शब्द स्त्रीलिंगी ‘सपत्नी’वरून मागाहून तयार झाला. म्हणजे दोन बायकांचे घरातले वैर इतके गृहीत होते की त्यावरून रणांगणावरच्या वैऱ्यालाही नाव मिळाले. मराठीने ‘सवत’ घेतली, ‘सावत्र’ घेतले, ‘सवतीमत्सर’ घेतला. एकाच स्त्रीवर प्रेम करणाऱ्या दोन पुरुषांसाठी मात्र रोजच्या बोलण्यातला एकही शब्द आपल्याकडे नाही. ‘प्रतिस्पर्धी’ म्हणावे तर तो निवडणुकीतही असतो आणि कुस्तीतही. ‘यार’ किंवा ‘जार’ म्हणावे तर ती शिवी होते आणि तीही निम्मी त्या बाईलाच लागते.

ज्या गोष्टीला भाषेत नाव असते ती डोळ्यांत भरते आणि नाव नसलेली नजरेआड राहते. बायकांच्या मत्सराला आपण नाव दिले. पुरुषांच्या मत्सराला काय नावे दिली, ते पुढे पाहू.

घाटावरून आलेल्या दोन सवती

खालापूर आणि कर्जत ही देश आणि कोकण यांच्या सीमेवरची माणसे. बोरघाटाच्या पायथ्याशी राहणाऱ्यांकडे घाटावरचे देव, गाणी आणि भांडणे नेहमीच उतरत आली. महाराष्ट्रातले सर्वांत प्रसिद्ध सवतींचे भांडणही घाटावरचेच, जेजुरीचे. म्हाळसा ही नेवाश्याच्या लिंगायत वाण्याची लेक, खंडोबाची लग्नाची बायको. बाणाई ही चंदनपुरीच्या धनगराची मुलगी. कथेप्रमाणे म्हाळसेशी सारीपाट खेळताना देव हरला आणि पैजेपायी त्याला बारा वर्षे घराबाहेर काढावी लागली. त्या काळात तो धनगराच्या वाड्यावर चाकर म्हणून मेंढ्या राखत राहिला आणि बाणाईला घेऊन परतला. पुढे म्हाळसा-बाणाईचे जे भांडण जुंपते ते वाघ्या-मुरळ्यांच्या जागरणातला हमखास रंगणारा भाग आहे. म्हाळसा बाणाईचे खाणे, कपडे, मेंढरांचा वास काढते. बाणाईही तिला तोडीस तोड उत्तर देते. ऐकणारे हसतात.

हे हसू बाजूला ठेवून पाहिले तर त्या भांडणात देवाच्या प्रेमाविषयी फारसे काही नसते, हे लक्षात येते. भांडण असते ते जात, अन्न, स्वच्छता आणि मान यांवर. जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर आणि आपले रा. चिं. ढेरे यांनी खंडोबाच्या उपासनेचा जो अभ्यास केला, त्यातून ही गोष्ट स्पष्ट होते. एका बायकोतून स्थिर झालेला, व्यापार-शेती करणारा समाज देवाशी सोयरीक जोडतो आणि दुसरीतून रानोमाळ फिरणारा मेंढपाळ समाज. शिंपी समाजातली रंभाई, माळी समाजातली फुलाई आणि चंदाई यांचीही नावे खंडोबाच्या बायकांत येतात. एकेका समाजाने आपली लेक देऊन देवावर हक्क सांगितला आणि त्या हक्कांची टक्कर सवतींच्या तोंडून ऐकवली. तोडगा काय निघाला, तो जेजुरीला डोळ्यांनी दिसतो. म्हाळसा देवाबरोबर गडावर आहे आणि बाणाईचे देऊळ डोंगर चढताना निम्म्या वाटेवर आहे. मत्सर मिटला नाही, त्याला फक्त पायऱ्या ठरवून दिल्या.

पंढरपूरलाही हीच जागेची गोष्ट आहे. राधेला कृष्णाच्या मांडीवर पाहून रुक्मिणी रुसली आणि दिंडीरवनात येऊन बसली, तिला शोधत देव आला, अशी कथा. आजही रखुमाईचे देऊळ विठ्ठलापासून वेगळे आहे, ती त्याच्या शेजारी उभी नाही. तिने भांडण केले नाही, मुळी उपटली नाही, शाप दिला नाही. ती निघून गेली. आपल्या सगळ्या सवतीकथांत घर सोडण्याचा मार्ग घेणारी ती मला सर्वांत आधुनिक वाटते. तिचा रुसवा लटका समजून आपण त्याचे कौतुक करतो. पण अठ्ठावीस युगे टिकलेल्या रुसव्याला लटका म्हणता येणार नाही.

आणि गणपतीच्या ऋद्धी-सिद्धी? त्या कधी भांडल्याचे कोणी सांगत नाही. कारण सरळ आहे. त्यांना माहेर नाही, जात नाही, त्यांच्या मागे हक्क सांगणारा समाज नाही. समृद्धी आणि यश ही दोन नावे शेजारी उभी आहेत, बस्स. जिच्यापाशी गमावण्यासारखे काही आहे तीच भांडते.

जात्यावरचा हिशेब

देवांच्या कथांत जे झाकून येते ते जात्यावर उघड येते. गी पॉइटव्हिन आणि हेमा राईरकर यांनी कर्जत-खालापूरच्या डोक्यावर, घाटमाथ्यापलीकडच्या मावळ-मुळशीत जात्यावरच्या ओव्या जमवायला सुरुवात केली. पुढे हा संग्रह महाराष्ट्रभर पसरून एक लाखाच्या वर गेला. त्यातला सवतीचा विषय वाचताना दोन गोष्टी ठळकपणे जाणवतात. एक, सवत बहुधा भीती म्हणून येते. ती यायच्या आधीच बाईने तिची धास्ती घेतलेली असते. दुसरी, तुळशीलाही रुक्मिणीची सवत केलेले असते. पहाटे दळणाऱ्या बाईला नवऱ्याविषयी जे बोलता येत नाही ते ती रुक्मिणीच्या तोंडी घालते आणि देवाच्या संसारातले म्हणून ते खपून जाते.

ही धास्ती निराधार नव्हती. हिंदू पुरुषाला मुंबई प्रांतात १९४६ पर्यंत कितीही लग्ने करायला कायद्याची आडकाठी नव्हती. मूल झाले नाही, मुलीच झाल्या, शेतात कामाला हात हवा, भावजय विधवा झाली, यांपैकी कोणतेही कारण पुरे असे. १९४६ मध्ये मुंबई प्रांताने द्विभार्याप्रतिबंधक कायदा केला. नरसू अप्पा माळी यांच्या खटल्यात त्याला आव्हान दिले गेले. १९५१ मध्ये मुख्य न्यायमूर्ती छागला आणि न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी तो कायदा उचलून धरला. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने हीच बंदी देशभर आली. म्हणजे आज ऐंशीच्या घरात असलेल्या आजीच्या आईने सवतीचे नाव ओवीत घेतले तेव्हा ती कविकल्पना करत नव्हती. दुसरी आली की धान्याच्या कणगीची किल्ली, निजायची खोली, मुलाचा जमिनीतला वाटा आणि सणाला हळदीकुंकवाचा मान, सगळ्यांचाच पुन्हा हिशेब होई. मत्सर हे त्या हिशेबाचे नाव होते. त्यात प्रेम नव्हते असे नाही, पण प्रेम हरवले तरी जगता येते. कणगीची किल्ली हरवली तर काय करणार?

बायको मेल्यावर दुसरेपणावर दिलेल्या मुलीच्या गळ्यात पहिलीच्या नावाचा छोटा टाक बांधण्याची चाल होती. मेलेल्या सवतीचीही बाधा होऊ नये म्हणून तिला रोज अंगावर वागवायचे. नवऱ्याच्या गळ्यात असे काही बांधल्याचे मी कुठे ऐकले नाही.

याची उलट बाजूही याच भागात पाहायला मिळते. ज्या समाजांत काडीमोड आणि पाट यांना मान्यता होती, बाईला नवरा सोडून दुसरे घर करता येत होते, तिथे सवतीला एक उत्तर होते: उठून जाणे. कर्जत-खालापूरच्या ठाकर-कातकऱ्यांकडे पांढरपेशी माणसे वर्षानुवर्षे ‘त्यांच्यात लग्न टिकत नाही’ अशा नजरेने पाहत आली. त्याच गोष्टीकडे दळणाऱ्या बाईच्या जागेवरून पाहिले तर तिला हेवा वाटावा अशी ती सोय होती. जिला दार उघडे आहे तिला मुळी उपटावी लागत नाही.

पुरुषाचा मत्सर कोणत्या नावाने येतो

कोकण ही परशुरामाची भूमी मानतात. समुद्र हटवून त्याने ती वसवली, ही कथा शाळकरी पोरालाही ठाऊक असते. त्याच परशुरामाने वडिलांच्या आज्ञेवरून आईचे शिर उडवले, हीही. रेणुका पाण्याला गेली, जलक्रीडा करणारा गंधर्व तिने पाहिला, क्षणभर तिचे मन चळले आणि जमदग्नीला ते कळले. एवढ्यावर त्याने मुलांना तिला मारण्याची आज्ञा केली. बायकोच्या मनात क्षणभर दुसरा पुरुष आला म्हणून उसळलेल्या या भावनेला कोणत्याही कीर्तनकाराने मत्सर म्हटलेले मी ऐकलेले नाही. तिला ऋषीचा क्रोध म्हणतात. क्रोध हा तपाचा दोष ठरतो, मत्सर मनाचा हलकेपणा ठरतो. एकच आग, पण पुरुषाच्या घरी तिला यज्ञकुंड मिळाले.

महडची कथा आणि ही कथा शेजारी ठेवल्या की आणखी एक साम्य दिसते. दोन्हीकडे आईला शिक्षा करतो तो मुलगा. जमदग्नी स्वतः हात उचलत नाही, वाचक्नवी तर कथेत जवळजवळ नाहीच. परशुराम बापाच्या आज्ञेने मारतो आणि गृत्समद सभेतल्या टोमण्याने. नवऱ्याच्या मत्सराची जागा घराण्याच्या इभ्रतीने घेतली की शिक्षा करायला नवराच लागतो असे नाही. मुलगा, भाऊ, चुलता, कोणीही चालतो.

मराठी रंगभूमीने पुरुषाच्या मत्सराला प्रथम तोंडावर नाव दिले, तेही परदेशी मदतीने. गोविंद बल्लाळ देवल यांनी शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंझारराव’ लिहिले, १८९० मध्ये. पुढे त्यांनीच मोलिएरच्या मूळ कल्पनेवर, मर्फीच्या इंग्रजी नाटकाच्या आधाराने, फाल्गुनराव उभा केला. तो १९१६ मध्ये ‘संगीत संशयकल्लोळ’ म्हणून गाण्यांसह रंगभूमीवर आला. एकाच नाटककाराने एकच भावना एकदा शोकांतिकेत आणि एकदा प्रहसनात मांडली. शंभर वर्षांनंतर कोण टिकले? फाल्गुनराव. एका तसबिरीवरून बायकोवर संशय घेणारा, तिच्या मागावर राहणारा, तिच्या प्रत्येक हालचालीत जार शोधणारा नवरा आपल्याला इतका हसू आणतो, कारण नाटकाच्या शेवटी सगळे गैरसमज मिटतात. ते मिटले नसते तर काय झाले असते, ते ‘झुंझारराव’ सांगतो. तो फारसा कोणी पुन्हा लावत नाही.

कायद्यातही याला जागा आहे. भारतीय दंड संहितेने १८६० पासून ‘गंभीर आणि अचानक चिथावणी’ हा खुनाच्या व्याख्येला अपवाद ठेवला आणि आता तो नव्या न्याय संहितेतही कायम आहे. २७ एप्रिल १९५९ रोजी मुंबईत कमांडर कावस नानावटी यांनी पत्नीचा प्रियकर प्रेम आहुजा याला गोळ्या घातल्या. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मताने त्यांना निर्दोष ठरवले. उच्च न्यायालयाने तो कौल फिरवला आणि नोव्हेंबर १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली. कारण साधे होते: पत्नीच्या कबुलीपासून गोळीपर्यंत सुमारे तीन तास गेले होते. मध्ये त्यांनी बायकामुलांना सिनेमाला सोडले, जहाजावर जाऊन खोटे कारण सांगून रिव्हॉल्व्हर घेतले. राग थंड व्हायला वेळ मिळाला होता. लोकांची सहानुभूती मात्र नानावटींकडेच राहिली. पुढे त्यांना तुरुंगातून पॅरोलवर लोणावळ्याच्या बंगल्यात राहता आले, म्हणजे आमच्या खोपोलीच्या अगदी माथ्यावर, आणि १९६४ मध्ये राज्यपालांनी माफी दिली. मधुसूदन कालेलकरांनी या प्रकरणावरून ‘अपराध मीच केला’ लिहिले. ज्यूरीतल्या त्या आठ जणांनी मत्सराला मत्सर न म्हणता इभ्रत म्हटले, एवढाच या खटल्याचा सार मला दिसतो. न्यायालयाने घड्याळ पाहिले, लोकांनी गणवेश पाहिला.

आजची बातमी

हे सगळे जुने म्हणून सोडून देता येत नाही, कारण भाषा जुनीच आहे. कोणतेही मराठी दैनिक उघडा. ‘चारित्र्याच्या संशयावरून पत्नीचा खून’ हा मथळा वर्षाकाठी कितीदा तरी सापडेल. वाक्य नीट वाचा. चारित्र्य कोणाचे? तिचे. संशय कोणाला? ते वाक्यात नाही. मारणाऱ्याचा मत्सर कुठे गेला? तो मेलेल्या बाईच्या चारित्र्यात विरघळवला गेला. वाचणारा नकळत विचारतो, काहीतरी असेल का तसे? मेलेलीला उत्तर देता येत नाही.

दुसरा मथळा ‘एकतर्फी प्रेमातून’. मार्च १९९० मध्ये, आमच्याच कर्जत लोकलच्या मार्गावरच्या उल्हासनगरात, दहावीच्या परीक्षेला बसलेल्या मुलीला वर्गात जाळून मारले गेले. तिने नकार दिला होता. तेव्हापासून हा शब्दप्रयोग आपल्या तोंडी रुळला. पुराणात नकार पचवू न शकणारी मुकुंदा होती आणि आपण तिला काटेरी झाड केले. वर्तमानपत्रात नकार पचवू न शकणारा मुलगा असतो आणि त्याच्या कृत्याला आपण प्रेमाचा एक प्रकार मानतो. पाठलाग आणि ॲसिडहल्ला हे स्वतंत्र गुन्हे ठरायला २०१३ साल उजाडावे लागले. कायद्याला तिथे योग्य शब्द सापडले. मथळ्यांना अजून सापडायचे आहेत.

सवतीमत्सर हा शब्द आता हळूहळू मावळेल, कारण ज्या कणगीच्या किल्लीवरून तो जन्मला ती कणगीच राहिली नाही. त्याने रिकाम्या केलेल्या जागी पुरुषाच्या मत्सराचे खरे नाव यायला हवे. ‘चारित्र्याच्या संशयावरून’ऐवजी ‘नवऱ्याच्या मत्सरातून’ आणि ‘एकतर्फी प्रेमातून’ऐवजी ‘नकार सहन न झाल्याने’ असे छापायला फार तर दोन शब्द जास्त लागतात. बातमीदारांना आणि संपादकांना हे अवघड नाही. आपल्यालाही नाही. घरात, गावात, लग्नाच्या मांडवात असे काही कानावर आले की ‘तिचे काय चालले होते?’ हा प्रश्न आपण आधी विचारतो. ‘त्याला काय झाले होते?’ हा प्रश्न आधी विचारून पाहावा.

महडच्या देवळात गृत्समदाची कथा सांगणारे फलक वाचून भाविक पुढे सरकतात. मुलाला वर मिळाला, क्षेत्राला नाव मिळाले. बोरीचे झाड झालेल्या आईची सुटका कशी झाली, हे त्या कथेच्या शेवटी कोणी सांगत नाही.